भाग्यश्रीचे चार सेकंद

खालापूरच्या अलीकडे हायवेला लागून एक हॉस्पिटल आहे. तिथल्या कॅथलॅबमध्ये एक वाक्य इतक्या वेळा ऐकू येतं, की नव्या नर्सला ते पहिल्या आठवड्यातच पाठ होतं. "सर, पाय काढू नका अजून." वाक्य भाग्यश्री पादीरचं. ती तिथली टेक्निशियन. आणि ज्यांच्या पायाबद्दल हे बोलणं चालतं ते डॉ. ठोंबरे, पंचवीस वर्षं हृदयाच्या रक्तवाहिन्या उघडणारे गृहस्थ. एवढ्या मोठ्या माणसाला पाय कधी उचलायचा हे सांगणारी ही बाई धड पाच फूटही नाही. शिशाचा एप्रन घातला की तिच्या घोट्यापर्यंत येतो. पण सांगते. आणि ते ऐकतात, कुरकुरत का होईना.

पायाचं प्रकरण असं आहे. अँजिओग्राफी करताना डॉक्टर मनगटातून एक बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून डाय सोडतात आणि टेबलाखालचं पेडल पायानं दाबून धरतात. पेडल दाबलेलं आहे तोवर एक्स-रेची फिल्म चालते. डाय रक्तवाहिन्यांत भरली की पडद्यावर काळी दिसते, कुठं अडलंय ते कळतं, आणि डॉक्टर पाय उचलतात. झालं काम. पण डाय काही तिथं थांबत नाही. ती हृदयाच्या मांसात मुरते आणि तीन-चार सेकंदांनी परतीच्या वाटेनं, शिरांमधून, फिकट होऊन बाहेर निघते. ते बघायला कोण थांबतंय? जास्त किरण कशाला घ्यायचे, आणि पुढचा पेशंट बाहेर ताटकळलेला असतो.

भाग्यश्री थांबायला लावायची. सगळ्यांना नाही हं. ज्यांचं हृदय मोठं होऊन ढिलं पडलंय, ज्यांना पुढेमागे तीन तारांचा पेसमेकर लागू शकतो, तेवढ्यांनाच, आणि तेही एकाच फिल्मला. अशा पेशंटच्या शिरा कुठून कुठं जातात हे आधीच कळलेलं बरं, असं ती शिकताना वाचून आली होती आणि तिनं ते मनावर घेतलं होतं. वाचतात सगळेच, मनावर घेणारे थोडे.

"भाग्यश्री, तुझ्या चार सेकंदांपायी मी म्हातारा होणार," डॉक्टर म्हणायचे.

"ते तर तुम्ही होणारच, सर. फिल्म तरी राहील."

ही थांबायची सवय तिला कॉलेजात लागलेली नाही, बापाच्या हाताखाली लागली. पळसदरीच्या मागं, डोंगराच्या कुशीत तिची ठाकरवाडी. तिचा बाप लडकू. शिमगा सरता सरता ओहोळ आटायला लागला, की तो बांध घालायचा. मोठे दगड, मग पळसाची पानं, मग चिखल. बांधाच्या खालचं पाणी उतरलं की डबक्यातले मासे हाताला लागायचे. मासे धरायला सगळी वाडी खाली, आणि भाग्यश्री एकटी बांधाच्या वर बसून. तिला तिथली मजा. अडवलेलं पाणी हळूहळू उलटं फिरायचं, आणि गवतात कुणाला दिसतही नसलेले बारके ओहोळ एकेक करून भरायला लागायचे. इथं एक होता, तिथं एक होता, हे तेव्हा कळायचं.

लडकू तिला सांगायचा, "बांद कुटं घालायचा ते आदी बगायचं. लय वर घातलास तर खालच्या व्हळाला पानी नाय जायचं. मग तू म्हनशील, व्हळच नाय." आणि पोरीनं चुळबुळ केली की म्हणायचा, "गप बस गं. पानी उलटं चडाया वेळ लागतो." एवढंच त्याचं शिक्षण. अक्षर म्हणून त्याला एक येत नव्हतं.

पुढं आश्रमशाळा, मग कर्जतला बारावी, मग मुंबईत हॉस्टेलवर राहून कॅथलॅबचा कोर्स. हे एका ओळीत लिहून मोकळं होता येतं, पण त्या पोरीनं ते कसं केलं ते तिचं तिलाच माहीत. वाडीतली ती पहिली. अजून दुसरी व्हायची आहे.

आता इंदूबाईंचं सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांच्या जिवाची आहे.

इंदूबाई दहिवलीच्या. नदीकडेला भाताची शेती, मुलगा संतोष खोपोलीच्या कारखान्यात. बाई आवाजाला अशी, की बांधावरून हाक मारली तर दोन शेतांपलीकडचा माणूस वळून बघेल. लडकू आणि त्याची बायको ठकी कित्येक वर्षं लावणीला, कापणीला त्यांच्याकडं जायची. लहानगी भाग्यश्रीही बरोबर असायची. इंदूबाई जेवायला पोटभर घालायच्या, त्यात कसर नाही. पण चहाचे कप मजुरांचे वेगळे. ते वळचणीला पालथे घातलेले असायचे. आपला कप आपण काढायचा, चहा प्यायचा, धुवायचा आणि परत वळचणीला पालथा घालायचा. कुणी कुणाला तसं कधी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. ठकी धुवायची, भाग्यश्री बघायची.

त्या इंदूबाई दोन वर्षांमागं माघात धापा टाकत भाग्यश्रीच्या टेबलावर आल्या. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या, पण हृदय मोठं झालेलं आणि ढिलं. बाईंनी आधी तिला ओळखलं नाही. टोपी, मास्क, एप्रन, ओळखणार कसं? "ठकीची ना गं तू?" हे त्यांना नळी काढताना सुचलं. भाग्यश्री म्हणाली, "हो, काकी." तेवढंच बोलणं झालं. संतोषच्या हातात रिपोर्ट आणि फिल्मची सीडी देऊन तिनं त्यांना घरी पाठवलं.

औषधांनी काही महिने बरे गेले, मग परत मूळ पदावर. बाईंच्या हृदयाची उजवी बाजू आधी आकसायची आणि डावी मागाहून, त्यामुळं रक्त पुढं जायच्या ऐवजी आतल्या आत हेलकावत राहायचं. दोन्ही बाजू एका तालात आणायला पेसमेकर हवा, आणि तोही तीन तारांचा. दोन तारा हृदयाच्या आत बसतात. तिसरी डाव्या बाजूला बाहेरून लावायची, आणि तिला तिथं जायला एकच वाट: हृदयाची शीर. संतोषच्या साहेबानं मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नाव सुचवलं. तिथं तीन तास खटपट झाली आणि बाई दोनच तारा घेऊन परत आल्या. कागदावर लिहून दिलं होतं, की डाव्या बाजूला तार जाईल अशी शीर नाही. आता छाती उघडून तार शिवायची. पण ढिल्या हृदयाच्या बाईला ते ऑपरेशन झेपेल असं कुणी छातीठोक सांगेना.

घरच्या अंगणातून तुळशीपर्यंत जायला इंदूबाईंना आता दोनदा थांबावं लागत होतं. त्यांची ती हाक गेली ती गेलीच.

अँजिओग्राफीला दीड वर्ष उलटून गेल्यावर, आश्विनातल्या एका सकाळी संतोष फाइल घेऊन डॉ. ठोंबऱ्यांकडं आला. डॉक्टरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "शीरच नसेल तर आपण तरी काय करणार?" भाग्यश्री बाजूला सही घ्यायला उभी होती. तिनं विचारलं, "सर, आपण काकींची अँजिओ केली तेव्हा चार सेकंद घेतले होते. ते बघूया का?"

बघूया म्हणून ती धावत कॉम्प्युटरकडं गेली, आणि तिथं काहीच नव्हतं. सर्व्हरवर जागा वर्षभराची. जुन्या फिल्म आपोआप जातात. उरली एकच प्रत, संतोषला दिलेली सीडी.

"सीडी कुठाय, संतोषदादा?"

संतोष घुटमळला. "आईला विचारावं लागेल, मॅडम."

आईला फोन लावला. आईनं बारीक आवाजात सांगितलं, की सीडी शेतात हाय.

शेतात म्हणजे काय, तर दोऱ्याला बांधून टांगलेली. भात पिकलं की पाखरं लोंब्यांवर उतरतात, आणि सीडी वाऱ्यानं फिरून चमकली की उडतात. दहिवलीत घरोघरी हाच उपाय. कागदावरचा रिपोर्ट इंदूबाईंनी पिशवीत घालून देव्हाऱ्यामागं जपून ठेवला होता, आणि चकती पाखरांना लावली होती. यात त्यांचं काय चुकलं, मला सांगा. घरात कॉम्प्युटर नाही, चकतीत काय आहे हे कुणी कधी उघडून दाखवलं नाही. खरं तर दोष सीडी देणाऱ्यांचाच.

भाग्यश्री डॉक्टरांना सांगून संतोषच्या मोटारसायकलवर दहिवलीला गेली. शेतात सात सीड्या टांगलेल्या. इंदूबाई पडवीत खुर्चीवर बसून होत्या. "त्याच्यात माजं काळीज हाय, म्हून कुनी सांगितलं मला?" म्हणाल्या. बोलता बोलता दम लागला. भाग्यश्री म्हणाली, "कुणी नाही सांगितलं, काकी. मीच सांगायला हवं होतं." आणि ती भातात उतरली.

मार्करनं लिहिलेली नावं उन्हानं उडून गेलेली. सातही काढल्या, ओढणीत बांधल्या आणि हॉस्पिटलला आणल्या. डॉक्टर ओपीडी उरकून मागं येऊन उभे राहिले. पहिलीत भजनं. दुसरी उघडलीच नाही. तिसरीत संतोषच्या लग्नाची वरात. चौथी, पाचवी उघडल्या नाहीत. सहावी बांधाच्या कडेला, आंब्याच्या सावलीत टांगलेली होती, तिच्यावर चिखल कमी आणि ओरखडे थोडे. ती मशीनमध्ये बराच वेळ घरघरली. मग पडद्यावर इंदूबाईंचं नाव आलं. 

नऊ फिल्मपैकी चार खराब. पाचवी चालली. डाय आली, रक्तवाहिन्या काळ्या झाल्या, पुसट झाल्या. एरवी फिल्म इथं संपते. ही चालत राहिली. एक, दोन, तीन. चौथ्या सेकंदाला हृदयाच्या डाव्या कडेवरून धुरकट रेघ खाली आली. वळली, आणि सगळ्या शिरांचं रक्त हृदयात आणून सोडणाऱ्या मोठ्या शिरेला जाऊन मिळाली. पण मिळाली कुठं? अगदी मोठ्या शिरेच्या तोंडाशी, जेमतेम बोटभर आत.

"आहे," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी फिल्म मागं नेऊन परत चालवली. "मग त्यांना का नाही दिसली?"

भाग्यश्रीला ते एव्हाना कळलं होतं. तार घालायच्या आधी शिरांचं चित्र काढतात ते असं: मोठ्या शिरेत तोंडाकडून एक फुगा सरकवून फुगवायचा, म्हणजे बाहेर पडणारं रक्त अडतं, आणि फुग्याच्या पुढं डाय सोडायची, म्हणजे ती उलटी चढून आतल्या सगळ्या शिरांत भरते. मुंबईत फुगा खोल गेला होता. या शिरेच्या मुखाच्याही पलीकडं.

"सर, त्यांनी बांध फार वर घातला," ती म्हणाली. "या ओहोळाचं तोंड बांधाच्या खाली राहिलं. मग पाणी जाणार कसं त्यात?"

डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं. ठोंबऱ्यांचं आजोळ कर्जतचंच. त्यांना वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आठ दिवसांनी इंदूबाई टेबलावर होत्या, सकाळी दहाला. भूल फक्त खांद्याखालच्या जखमेपुरती, बाई जाग्या. त्यांच्या किडन्याही दमलेल्या आणि डाय किडन्यांना जड, म्हणून ठरलं होतं, की डाय तीनदाच सोडायची. चौथ्यांदा नाही. तीनदात शीर दिसली तर तार, नाही तर दोन तारांवरच घरी. आणि दोन तारांवर घरी म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक होतं. संतोष बाहेर बाकावर बसला होता.

फुगा तोंडाशी ठेवायचा तर तो घसरतो. खोल सरकवला की घट्ट बसतो, म्हणून तर सगळे खोल सरकवतात. पहिल्यांदा तो घसरून बाहेरच आला आणि डाय वाया गेली. दुसऱ्यांदा डॉक्टरांनी तो जरा आत बसवला. वरच्या शिरा झरझर भरल्या, मुंबईला दिसलेल्या त्याच. डावी कड कोरी.

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. नर्सनं टिपला. "शेवटची," ते स्वतःशीच म्हणाले.

भाग्यश्रीनं सीडीवरचं चित्र बाजूच्या पडद्यावर थांबवून ठेवलं होतं. ती एकदा त्याच्याकडं बघायची, एकदा चालू पडद्याकडं. "सर, अजून बोटभर मागं. आणि फुगा हातानं धरून ठेवा."

"सुटला तर संपलं, भाग्यश्री."

"हो, सर."

त्यांनी फुगा मागं घेतला, नळी दोन बोटांत घट्ट धरली, पेडल दाबलं. डाय सुटली. वरच्या शिरा भरल्या. एक. कडेला काही नाही. दोन. काही नाही. तीन. डॉक्टरांची टाच उचलली गेली, ती तिला एप्रनच्या कडेखाली दिसली.

"सर, पाय काढू नका."

टाच खाली टेकली. चार. आणि मग फुग्याच्या अगदी लगत, जिथं काहीच नव्हतं तिथं, काळ्या दोऱ्याचं टोक दिसलं. ते डाव्या कडेनं चढायला लागलं, एका वळणाशी थबकलं, आणि परत चढलं, पार वरपर्यंत. कड भरली.

डॉक्टरांनी पाय काढला. नर्सनं डोळे पुसले, आणि ती उगाच ट्रेमधलं सामान लावायला लागली.

"सापडली का गं?" हिरव्या कापडाखालून इंदूबाईंचा आवाज आला.

"सापडली, काकी. हलू नका."

पुढं तार त्या वळणातून न्यायला पाऊण तास गेला. डॉक्टरांचा हातच तो, त्यांनी नेली. तार जोडली आणि मॉनिटरवर बाईंच्या ठोक्याचा रुंद, फताडा आलेख बघता बघता अरुंद झाला, नीट उभा राहिला. दोन्ही बाजू एका तालात आल्या होत्या. डॉक्टरांनी मास्क खाली केला. "त्या दिवशी मी तुझं ऐकून पाय ठेवला नसता तर..." एवढं म्हणून ते थांबले. मग म्हणाले, "यापुढं ढिल्या हृदयाच्या प्रत्येक पेशंटला चार सेकंद. भिंतीवर लिहून लाव." तिनं लावलं. अजून आहे. सीडी देताना आत काय आहे तेही ती आता घरच्यांना उघडून दाखवते.

पौषातल्या एका रविवारी भाग्यश्री वाडीवर होती. सुट्टी होती, आईबरोबर अंगणात वाल सोलत बसली होती. दहाच्या सुमाराला खालून हाक आली. "ठके, ए ठके." ठकीनं सूप खाली ठेवलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. गेली दीड-दोन वर्षं मात्र कुणी ऐकला नव्हता.

इंदूबाई चढून वर येत होत्या. संतोषनं रस्ता संपतो तिथंवर मोटारसायकलवर आणून सोडलं होतं. पुढची अर्ध्या तासाची उभी चढण बाई पायानं चढून आल्या होत्या. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं. संतोष मागून, हात हलवत. "आई देईचना गाठोडं," तो म्हणाला. "थांब म्हटलं तर थांबेना."

"कशाला थांबू?" इंदूबाई म्हणाल्या. दम लागला होता, पण चढून आलेल्या कुणालाही लागतो तेवढाच.

आपल्या शेतात पंधरा वर्षं राबलेल्या माणसांचं घर त्या पहिल्यांदा बघत होत्या. ठकीची धांदल उडाली. फडकं झटकून अंथरलं, चूल पेटवली, चहा टाकला. कप घरात होते चार, त्यातला बिनटवक्याचा शोधून तिनं इंदूबाईंना दिला. इंदूबाई चहा प्यायल्या. भाताचं बोलणं झालं, पाखरांचं झालं. ओट्यावर बसलेल्या लडकूनं विचारलं, आता शेताला काय टांगता? इंदूबाई म्हणाल्या, "वरातीची लावली परत. ती कुनाला नको."

चहा संपला तशा त्या उठल्या. हंड्यापाशी गेल्या, तांब्यानं पाणी घेतलं आणि आपला कप आपण धुतला. ठकी "अगं बाय, राहू दे" म्हणत पुढं झाली, तोवर धुऊन झाला होता. मग कप हातात धरून त्या उभ्या राहिल्या. छपराच्या कडेकडं, वळचणीकडं त्यांची नजर गेली आणि तिथंच राहिली.

"कुटं ठेवू गं?" त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा बारीक झाला होता.

भाग्यश्रीचे वाल सोलणारे हात थांबले. तिनं आईकडं बघितलं.

ठकीनं त्यांच्या हातातून कप घेतला. पदरानं पुसला. "आत," ती म्हणाली. "आमचे ठेवतो तितंच." आणि आत जाऊन तिनं तो फळीवर, बाकीच्या तिन्ही कपांच्या शेजारी ठेवला.